समर्थनार्थ, क्रमांक दहा

दोनशे माणसं येणार असं कळलं की मांडणीकर एकशे चाळीस खुर्च्या मांडतात. उरलेली साठ माणसं भिंतीला टेकून उभी राहिली की फोटोत सभागृह भरून वाहतं आणि खाली ‘नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ असं छापता येतं. दोनशेच्या दोनशे मांडल्या आणि दहा रिकाम्या राहिल्या, तर कॅमेरा नेमका त्या दहांवर जातो. हे गणित त्यांना कुणी शिकवलं नाही. एकदा वर्तमानपत्रात रिकाम्या खुर्च्यांचा फोटो आला, त्याबद्दल त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला, आणि तेव्हापासून ते आपोआप शिकले. साठ माणसांना, त्यातही म्हाताऱ्यांना, तीन-तीन तास उभं करणं बरं नव्हे, हे त्यांना कळतं. तरी ते एकशे चाळीसच मांडतात.

मांडणीकर हे त्यांचं आडनाव नाही. खरं आडनाव पगारपत्रकावर आहे आणि बाकी कुठे नाही. संसदेच्या लोकसहभाग विभागात ते एकोणीस वर्षं ‘कार्यक्रम साहाय्यक’ आहेत. एखादं विधेयक समितीकडे गेलं की समिती गावोगाव जाऊन लोकांचं म्हणणं ऐकते. म्हणजे जनसुनावणी घेते. समितीच्या एक दिवस आधी मांडणीकरांची राखाडी व्हॅन पोचते. व्हॅनमध्ये घडीच्या खुर्च्या, टेबलांवर घालायचं हिरवं कापड, अकरा माइक आणि एक फलक असतो: ‘बोला, संसद ऐकते आहे.’

फलकाबद्दल मांडणीकर काही बोलत नाहीत. ते स्पंजबद्दल बोलतात. प्रत्येक माइकच्या तोंडावर काळा स्पंज असतो. दहा माइक समितीच्या सदस्यांपुढे, अकरावा लोकांसाठी. सुनावणी संपली की ते अकरावा स्पंज बादलीत साबणाच्या पाण्यात पिळतात. त्यात थुंकी असते, तंबाखू असते, ओठांचा रंग असतो, कधी नाकाचं पाणीही असतं. पहिलं पाणी ओतून दुसरं घ्यावं लागतं. वर्षानुवर्षं करूनही त्यांना दर वेळी शिसारी येते आणि दर वेळी ते हातमोजे आणायला विसरतात. उरलेले दहा स्पंज मात्र नुसते झटकले तरी चालतात. त्यांच्यावर धूळ असते. कोण किती बोललं आणि कुणी किती विचारलं, हे कळायला त्यांना इतिवृत्त लागत नाही.

सदस्यांपुढच्या वह्याही तेच गोळा करतात. वरची पानं फाडायची, कोऱ्या पुढच्या गावाला वापरायच्या. फाडलेल्या पानांवर होड्या असतात, चौकोनात चौकोन असतात. एक सदस्य फक्त दातांची चित्रं काढतात, सुटे दात, मुळांसकट. प्रश्न लिहिलेली पानं मांडणीकरांनी एकोणीस वर्षांत पाच पाहिली. त्यातल्या एकावरचा प्रश्न होता, ‘जेवण किती वाजता?’

ते मुळातले नाटकवाले. नट नव्हेत, रंगमंचामागे सामान लावणारे. नाटक कंपनी बुडाली तेव्हा विभाग नुकताच सुरू झाला होता आणि खुर्च्या, ध्वनी, दिवे हे सगळं येणारा माणूस त्यांना हवा होता. पहिल्या वर्षीची एक सुनावणी ते अजून सांगतात. विषय होता शाळांची वेळ. नाव नोंदवलेल्या त्रेसष्ट जणांपैकी त्रेसष्ट बोलले. अध्यक्षबाई वयस्कर होत्या, त्या मध्येच उठून पाय मोकळे करायच्या आणि उभ्यानेच प्रश्न विचारायच्या. संध्याकाळी अकराच्या अकरा स्पंज ओले होते.

“त्या दिवशी मला वाटलं, बरी नोकरी लागली,” असं ते सांगतात आणि विषय बदलतात.

पुढे एक प्रशिक्षण झालं, कुठूनसे सल्लागार आले, आणि विभागात ‘समतोल’ आला. समतोलाचा नियम सोपा आहे. नागरिकाने अर्जावर ‘समर्थन’ किंवा ‘विरोध’ या दोनपैकी एका चौकटीत खूण करायची. दोन्ही बाजूंचे सारखेच लोक बोलणार, जास्तीत जास्त दहा-दहा. एका बाजूला कमी अर्ज आले, तर दुसरी बाजूही तेवढ्यावरच आणायची. जास्तीच्या नावांतून सोडत काढायची. त्यामुळे कुठलंही विधेयक असो, अहवालात एक वाक्य कायम असतं: ‘नागरिकांची मते समसमान विभागलेली आढळली.’ मांडणीकरांना ते वाक्य पाठ आहे. बायको औषधांच्या दुकानात काम करते, ती एकदा म्हणाली, “आमच्याकडे असं केलं तर माणसं मरतील.” त्यावर ते म्हणाले, “आमच्याकडे मरत नाहीत. नुसती घरी जातात.”

या सगळ्याची किळस येत असूनही ते टिकून होते, कारण त्यांना त्याची सवय झाली होती आणि त्यातल्या खाचाखोचा आपल्याला ठाऊक आहेत याचा थोडा ताठाही होता. त्या ताठ्यानेच पुढचं सगळं घडवलं.

त्यांची थोरली बहीण एका लहान गावात लॉन्ड्री चालवते. पुढच्या खोलीत धुण्याचं यंत्र आणि इस्त्रीचं टेबल, मागच्या अंगणात सहा दोऱ्या. अंगणापासून तीनशे दहा मीटरवर हाडं आणि चरबी उकळण्याचा कारखाना आहे. कत्तलखान्यातून उरलेलं सगळं ट्रकने तिथे येतं, मोठ्या पिंपांत शिजतं, आणि त्यातून साबणाची चरबी आणि खताची भुकटी निघते. जुनी शेड लांब होती. चार वर्षांपूर्वी कारखान्याने अलीकडे नवी शेड बांधली. पूर्वेचा वारा सुटला की वाळत घातलेल्या चादरींना वास लागतो. गोडसर, जळकट, घशात चिकटून बसणारा. आधी हॉटेलचे रुमाल गेले, मग दवाखान्याचे डगले गेले. उरली सहा घरं.

ताईचं नाक त्या वासाला सरावलंय. कपड्याला वास आहे की नाही हे तिला कळत नाही. म्हणून शेजारचे निवृत्त पोस्टमन रोज सकाळी येऊन दोऱ्यांवरचा कपडा हुंगतात. ते धाप लागल्याने वर्षातले सहा महिने मुलीकडे डोंगराळ भागात असायचे, तिथून नाक ताजं करून यायचे. अलीकडे इथेच असतात, पण नाक वासाला सरावू नये म्हणून सकाळी नाकपुड्यांना कापूर लावून बाहेर पडतात आणि तो पुसूनच कपड्याला नाक लावतात. त्यांनी त्याची वही ठेवली आहे. तारीख, वेळ, वारा कुठून, वास किती. शून्य ते पाच. चार वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. मुलीकडे गेले तर नोंद करायला स्वतःच्या बायकोला बसवायचे आणि आल्यावर तिचे आकडे एकेकाने कमी करायचे, कारण ती तापट आहे असं त्यांचं मत.

कायद्याप्रमाणे असला कारखाना वस्तीपासून पाचशे मीटर हवा. ताईने नव्या शेडविरुद्ध दावा लावला होता आणि तो बरा चालला होता. तेवढ्यात संसदेत विधेयक आलं: पाचशेचे दोनशे करायचे. आणि समितीची सुनावणी नेमकी ताईच्या गावात लागली.

“तुमची ती वरात आमच्याकडे येतेय म्हणे,” ताईने फोनवर विचारलं.

“मंगळवारी. नगरभवनात.”

“मला बोलायचंय.”

“विरोधात दोनशे चौदा अर्ज आलेत, ताई. समर्थनात नऊ. म्हणून विरोधातलेही नऊच बोलणार. सोडत निघेल.”

“दोनशे चौदा आणि नऊ, यांचा समतोल?”

“हो.”

“तुम्हाला वजनकाटा विकला कुणी रे?”

मांडणीकर हसले नाहीत. त्यांनी युक्ती सांगितली. “तू समर्थनात खूण कर.”

“मी? त्या पिंपवाल्यांच्या समर्थनात? थुंकीन मी त्या कागदावर.”

“थुंक. पण आधी खूण कर. तिकडे नऊच आहेत, म्हणजे सोडत नाही. तुझा नंबर नक्की. एकदा माइक हातात आला की तीन मिनिटं तुझी. काय बोलायचं ते तू बघ.”

“आणि मध्येच थांबवलं तर?”

“थांबवायला आधी ऐकावं लागतं,” मांडणीकर म्हणाले. “शिवाय तू दहावी झालीस की विरोधातलेही दहा होतील. तुमचाच एक माणूस वाढेल.”

ताईने पलीकडे धुण्याचं यंत्र बंद केलं. मग म्हणाली, “बाळ्या, लहानपणी परीक्षेत कॉपी करताना तूच पकडला जायचास. लक्षात आहे ना?”

तिने खूण केली. विरोधातल्या सोडतीत दहावं नाव निघालं ते शेजारच्या पोस्टमनचं.

सुनावणी नेहमीसारखी झाली. कारखान्याचे दोन पर्यवेक्षक, एक ट्रकमालक, खताचा एक दुकानदार असे लोक समर्थनात बोलले. अध्यक्षांनी सगळ्यांना सारखंच मान हलवून ‘धन्यवाद’ म्हटलं. मग निवेदक म्हणाला, “समर्थनार्थ, क्रमांक दहा.” ताई उठली. तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत उशीचा अभ्रा.

“हा परवा धुतलाय,” ती म्हणाली. “दोनदा. माझ्या अंगणात वाळवलाय. मला आता काही वास येत नाही, पण लोक म्हणतात येतो. तुम्ही बाहेरगावचे आहात, तुमची नाकं चांगली असतील. जरा बघून सांगा.”

तिने अभ्रा अध्यक्षांपुढे ठेवला. अध्यक्षांनी पेन्सिलीने तो शेजारच्या सदस्याकडे सरकवला. त्याने तो पुढे दिला. अभ्रा असा दहा जणांपुढून गेला आणि कुणी त्याला नाक लावलं नाही. वहीत दात काढणाऱ्या सदस्यांनी मात्र उचलला, जरा जवळ नेला आणि त्यांचा चेहरा असा झाला की मागच्या रांगेतली माणसं हसली. त्यांनी तो घाईने खाली ठेवला आणि बोटं टेबलाच्या हिरव्या कापडाला पुसली. ताई तोवर बोलत होती. हॉटेल कसं गेलं, दवाखाना कसा गेला, पूर्वेचा वारा वर्षातून किती दिवस. तीन मिनिटं पुरी झाल्यावर ती म्हणाली, “दोनशे मीटर म्हणजे माझ्या अंगणात पिंप आणून ठेवा. मग मी घर सोडते.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, “धन्यवाद.”

तिच्यानंतर विरोधातले दहावे, म्हणजे पोस्टमन, उठले. ते फारसं बोललेच नाहीत. वही रबर लावून, जाड पाकिटात घालून आणली होती. “यात चार वर्षं आहेत,” म्हणाले आणि पाकीट पुढे ठेवलं. अध्यक्ष म्हणाले, “नोंदीसाठी ठेवून घ्या.”

त्या दिवशी स्पंज पिळताना मांडणीकर गुणगुणत होते, असं नगरभवनाच्या रखवालदाराने पाहिलं. बहिणीला त्यांनी ज्या दारातून आत घेतलं होतं ते फक्त त्यांनाच माहीत होतं.

सहा आठवड्यांनी सगळ्या वक्त्यांच्या घरी अहवालाचा मसुदा आला. परिशिष्ट तीन, ‘विधेयकाच्या समर्थनार्थ मत मांडणारे नागरिक’. क्रमांक नऊ, ट्रकमालक. क्रमांक दहा, लॉन्ड्री व्यावसायिक, कारखान्यापासून अंतर तीनशे दहा मीटर. तिचं बोलणं परिशिष्ट सातमध्ये होतं आणि परिशिष्ट सात ‘मागणीनुसार उपलब्ध’ होतं. अभ्र्याबद्दल एक ओळ होती: ‘नागरिकाने एक वस्त्र सादर केले.’

कारखान्याच्या वकिलाने परिशिष्ट तीनचं पान कोर्टात लावलं. वादी स्वतःच दोनशे मीटरला संमती देते आहे, मग तिला पाचशेबद्दल तक्रार कसली, असा त्याचा मुद्दा. सहा घरांपैकी दोन घरांनी कपडे परत नेले. तिसऱ्या घरातली बाई कपडे न्यायला नाही, नुसतं विचारायला आली: “काय देऊ केलं हो त्यांनी तुम्हाला?”

ताईने फोन केला तेव्हा आवाज चढलेला नव्हता. मांडणीकरांना तेच जास्त लागलं.

“मी त्या ट्रकवाल्याच्या खाली आहे,” ती म्हणाली. “लोक ते पान खिशात घेऊन फिरतायत. शुक्रवारी म्हणे अहवाल पक्का होतो. त्याच्या आत माझं नाव तिथून काढ. कसं काढायचं ते तुझं तू बघ. घातलंस कसं तेही तूच बघितलं होतंस.”

विभागाच्या संचालक मॅडमचं दालन तिसऱ्या मजल्यावर आहे. कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, भिंतीवर लोकसहभागासाठी मिळालेला काचेचा पुरस्कार, आणि टेबलावर हात निर्जंतुक करायची बाटली, कारण मॅडम गावोगावी लोकांशी हस्तांदोलन करतात. मांडणीकरांनी उभ्यानेच सगळं सांगितलं.

“पण त्यांनी समर्थनाला खूण केली होती ना?” मॅडमनी विचारलं.

“केली होती. बोलल्या विरोधात. सगळ्या सभागृहानं ऐकलं.”

“वर्गीकरण अर्जावरून होतं, मांडणीकर. भाषणावरून ठरवायचं म्हटलं तर कुणीतरी बसून ऐकावं लागेल. एवढी माणसं कुठून आणायची?”

त्यांनी हे विनोदाने म्हटलं नव्हतं. त्या खरोखरच मनुष्यबळाचा विचार करत होत्या.

“नाव काढायचा काहीच मार्ग नाही?”

“अर्ज अवैध ठरला तरच. म्हणजे मुद्दाम चुकीची माहिती भरली हे सिद्ध झालं पाहिजे.”

“मी लिहून देतो. मीच भरायला सांगितली.”

मॅडमनी चष्मा काढला. “तुम्ही? अहो, निवृत्तीला किती वर्षं राहिली तुमच्या?”

“सहा.”

“आणि तुमच्या डोक्यात हे आलं?” त्यांच्या आवाजात राग कमी आणि कुतूहल जास्त होतं. मग त्यांनी तक्ता पुढे ओढला. “ठीक आहे. पण मग समर्थनात नऊ राहतात. विरोधातला दहावाही वगळावा लागेल.”

“ते तर बोलले, मॅडम.”

“बोलले ना. नाही कोण म्हणतंय? फक्त अहवालात नसतील. त्यांची कागदपत्रंही परत जातील. समतोल राखायचा तर दुसरं काय करणार?”

मांडणीकर जिन्याने खाली आले ते थेट अभिलेखांच्या खोलीत. त्या सुनावणीची पेटी सापडायला अर्धा तास लागला. पेटीत सर्वांत वर अभ्रा होता, पिशवीशिवाय, आणि त्याच्याखाली पोस्टमनचं पाकीट. पाकिटावरची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. पेटीतल्या प्रत्येक कागदाला तो गोडसर वास लागला होता. पेटी कुणी पुन्हा का उघडली नव्हती, हे सांगायला माणूस लागत नव्हता. त्यांनी झाकण लावलं आणि बाहेर येऊन बेसिनवर बराच वेळ हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ताईकडे गेले. ताई इस्त्री करत होती. पोस्टमन दोऱ्यांवरून हुंगून नुकतेच आत आले होते आणि सुट्या कागदावर काहीतरी लिहीत होते. वही संसदेत गेल्यापासून ते सुट्या कागदांवर लिहायचे.

मांडणीकरांनी दोघांसमोर सगळं सांगितलं. ताईचं नाव काढलं तर पोस्टमनकाकांचं जाईल, काकांबरोबर वही जाईल.

ताईने इस्त्री उभी केली. “मग राहू दे माझं नाव. चार वर्षांची वही आहे ती.”

“थांब गं,” पोस्टमन म्हणाले. मग मांडणीकरांकडे वळले. “वाचली का कुणी?”

मांडणीकरांनी टेबलावरच्या कपड्याची घडी सारखी केली.

“मी सरळ विचारतोय. तुमच्याकडे इतके दिवस आहे. उघडली?”

“नाही, काका. पाकीटसुद्धा नाही.”

“आणि पुढे उघडतील असं वाटतं तुम्हाला?”

“नाही.”

पोस्टमननी कागदाची घडी घातली. “मग ती तिथे करतेय काय?” ते ताईला म्हणाले, “तुझ्या वकिलानं दोनदा मागितली की नाही वही? तेव्हा काय सांगितलं आपण? संसदेत आहे, परत मिळत नाही. आता मिळतेय तर घे की. मला अहवालात येऊन काय करायचंय? माझं नाव मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पाकिटांच्या पावत्यांवर लिहिलंय, तेवढं पुरे.”

“तुमचं बोलणंही जाईल त्याच्याबरोबर.”

“मी तिथे एकच वाक्य बोललो,” पोस्टमन म्हणाले. “अध्यक्षांचं तर त्याहून लहान होतं.”

ताई हसली नाही. भावाकडे बघत म्हणाली, “लिहून दिलंस तर तुझी नोकरी जाईल?”

“माहीत नाही.”

“गेली तरी चालेल असं मी म्हणणार नाही. पण लिही.”

त्यांनी गुरुवारी लिहून दिलं. पानभर मजकूर, खाली सही, पगारपत्रकावरचं आडनाव. शुक्रवारी अहवाल पक्का झाला. समर्थनार्थ नऊ, विरोधात नऊ. नागरिकांची मते समसमान विभागलेली आढळली. मते समसमान असल्याने समितीने सुवर्णमध्य काढला आणि दोनशेऐवजी अडीचशे मीटरची शिफारस केली. दोनशे चौदा आणि नऊ यांच्या मधून तो नेमका कुठून काढला, हे अहवालात कुठल्याच परिशिष्टात नाही.

मांडणीकरांची नोकरी गेली नाही. त्यांना वाटलं होतं चौकशी होईल, निदान कुणीतरी ओरडेल. तसं काही झालं नाही. मॅडमनी त्यांचा कबुलीजबाब दोनदा वाचला, एक लेखी समज दिली, आणि पंधरा दिवसांत त्यातून नियम क्रमांक चौदा तयार केला: अर्जातील खुणेविरुद्ध मत मांडणाऱ्या नागरिकाचा अर्ज अवैध ठरेल, आणि समतोलासाठी दुसऱ्या बाजूचा एक अर्ज वगळला जाईल. म्हणजे आता कुणालाही विरोधातला एक आवाज घालवायचा असेल, तर समर्थनात खूण करून उलटं बोललं की झालं. मांडणीकरांनी हे मॅडमना दाखवून दिलं. मॅडम म्हणाल्या, “इतका विचार तुमच्याशिवाय कोण करतं?” आणि दर सुनावणीच्या आधी नियम चौदा माइकवरून वाचून दाखवायचं काम त्यांच्याकडेच दिलं. एकोणीस वर्षांत लोकांच्या माइकवर ते पहिल्यांदा बोलले ते असे. पहिल्या गावी वाचून झाल्यावर त्यांना स्पंजला स्वतःच्या तोंडाचा वास आला.

पाकीट ताब्यात मिळायला आणखी तीन आठवडे गेले. ते त्यांनी टपालाने पाठवलं नाही, रजेच्या दिवशी स्वतः नेऊन दिलं. पोस्टमननी ते उजेडाकडे धरलं, चारही कडा तपासल्या, चिकटपट्टीवरून नख फिरवलं.

“कुठेही फुटलेलं नाही,” ते म्हणाले. “आमच्याकडे अशा टपालाला शिक्का असायचा. ‘घेण्यास नकार, पाठवणाऱ्यास परत.’ तुमच्याकडे शिक्के नाहीत वाटतं?”

“आहेत,” मांडणीकर म्हणाले. “त्यांवर ‘नोंद घेतली’ असं असतं.”

ताईने पाकीट घेतलं आणि कोर्टाच्या पिशवीत घातलं. अहवालातून नाव गेलं होतं, पण कारखान्याच्या वकिलाने मसुद्याचं जुनं पान मागे घेतलं नव्हतं. वादीने आधी संमती दिली आणि मग घाबरून मागे फिरली, असं तो आता म्हणत होता. खूण तिनेच केली होती, हे तर खरंच होतं. का केली, हे सांगणारा एकच माणूस होता.

“सोमवारी तारीख आहे,” ती इस्त्रीकडे बघत म्हणाली. “वकील म्हणतो, तू येऊन सांगितलंस तर ते पान पडेल.”

“सोमवारी दौरा आहे. चार गावं. नियम चौदा वाचायचाय.”

“बरं,” ताई म्हणाली आणि शर्टाची बाही सरळ केली. बाहीवरून इस्त्री फिरली, मग दुसऱ्या बाहीवरून, मग कॉलरवरून.

मांडणीकर अंगणात गेले. पूर्वेचा वारा होता. दोऱ्यांवर चारच घरांचे कपडे होते आणि सहापैकी तीन दोऱ्या मोकळ्या. त्यांनी नाकावर रुमाल धरला, मग दुसऱ्या हाताने मॅडमना फोन लावला आणि सोमवारची रजा मागितली.

“सोमवारी? आणि वाचणार कोण?” मॅडम म्हणाल्या. “कारण काय लिहू?”

“कोर्टात साक्ष द्यायचीय. माझ्या बहिणीच्या दाव्यात.”

पलीकडे कागद हलल्याचा आवाज आला. सवयीने मॅडमनी विचारलं, “कुठल्या बाजूनं, समर्थन की विरोध?”

“ते आधी सांगावं लागत नाही, मॅडम,” मांडणीकर म्हणाले. “तिथे म्हणे आधी ऐकतात आणि मग ठरवतात.”